‘काळजी घ्या’ म्हणजे नेमकं काय करायचं? रस्ता, पाटी आणि प्राथमिक शाळेतली मुलं

(हे आजच्या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून रस्त्यावरून चालत ऐकत असाल तर आधी एक कान मोकळा करा. विषयच तसा आहे आजचा.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला. सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत त्या तिसरी-चौथीला शिकवतात. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं, त्यात निबंध स्पर्धा घ्या असं वरून पत्र आलं. त्यांनी घेतली. वर्गात सव्वीस मुलं, सव्वीस निबंध, आणि जवळजवळ सगळ्यांची सुरुवात एकच: “आजच्या धकाधकीच्या युगात...”. कुणाच्या तरी मोठ्या बहिणीने मोबाईलवरून शोधून दिलेला निबंध वर्गभर फिरला होता. ताई म्हणाल्या, “शाळेच्या फाटकासमोर वळण आहे. ऊसाच्या हंगामात दिवसभर ट्रॅक्टर जातात. सव्वीसपैकी एकाही निबंधात ट्रॅक्टर नाही. मी आता काय करू?”

मला हा प्रश्न फार आवडला. मुलं लिहायला कंटाळतात अशी ही तक्रारच नाही. मुलांनी सुबक अक्षरात दोन-दोन पानं लिहिली, आणि ज्या रस्त्याने ती रोज येतात तो रस्ताच त्यात आला नाही, ही तक्रार आहे.

थोडे आकडे सांगते, म्हणजे हे निबंधापुरतं नाही हे लक्षात येईल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात पायी चालणारे ३२,८२५. आणि अठरा वर्षांखालची मुलं ९,५२८. म्हणजे रोज साधारण सव्वीस. ताईंच्या वर्गाचा पट सव्वीस आहे, हा निव्वळ योगायोग, पण ऐकताना मला जरा थांबावंच लागलं.

मुलाच्या डोळ्यांनी रस्ता

आधी एक गैरसमज काढू. आपल्याला वाटतं, मुलाला नियम सांगितला, त्याने पाठ केला, परीक्षेत बरोबर लिहिला, की झालं. तसं होत नाही. रस्ता सुरक्षा शिकवण्याच्या, बहुतेक लहान मुलांवरच्या, पंधरा चाचण्या एकत्र तपासून २००२ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, कॉक्रेन या संस्थेचा. त्यात दिसलं ते असं: शिकवल्याने मुलांचं ज्ञान वाढतं, रस्त्यावरचं वागणंही बदलू शकतं, पण त्यामुळे जखमी होणारी मुलं कमी होतात का, हे त्या पंधरापैकी एकाही चाचणीने मोजलंच नव्हतं. म्हणजे माहिती असणं आणि वाचणं (जीव वाचणं म्हणतेय मी) यात अंतर आहे.

ते अंतर का पडतं? स्कॉटलंडमध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात एक साधी गोष्ट केली. मुलांना विचारलं, इथून पलीकडे जायचंय, कुठून ओलांडशील? पाच ते सात वर्षांच्या मुलांनी बऱ्याचदा सगळ्यात जवळची सरळ रेष निवडली. मग ती वळणाजवळ असो की उभ्या गाडीच्या आडून असो. त्यांचं म्हणणं सोपं होतं: गाडी दिसत नाही, म्हणजे रस्ता मोकळा आहे. मोठ्या माणसाला कळतं की गाडी दिसत नाही म्हणूनच ती जागा वाईट आहे. मुलाला ते कळत नाही, कारण त्यासाठी न दिसणाऱ्या गोष्टीचा विचार करावा लागतो.

त्यात उंचीचा प्रश्न. सात वर्षांच्या मुलाचे डोळे उभ्या मोटारीच्या बोनेटच्या थोडेसेच वर असतात. टेम्पोच्या आडून त्याला काही दिसत नाही आणि ड्रायव्हरलाही ते दिसत नाही. वेगाचंही तसंच. लहान मुलं गाडी किती लांब आहे ते बघतात, किती जोरात येतेय याचा अंदाज त्यांना नीट येत नाही.

स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी साठच्या दशकातच यावर काम केलं होतं. लहान मुलाला शिकवून शिकवून रहदारीच्या लायक बनवता येईल अशा भ्रमात राहू नका, रहदारी मुलाच्या लायक करा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे वाचन-लेखनाचं बोलणार आहे त्याचा अर्थ ‘मूल शिकलं, आता एकटं सोडा’ असा कुणी काढू नये. पहिली-दुसरीच्या मुलाचा हात रस्त्यावर मोठ्या माणसाच्या हातातच हवा. चौथीचं मूलसुद्धा वर्दळीच्या रस्त्यावर सोबतीशिवाय नको.

मग वर्गात बसून, वही-पेन्सिल घेऊन काय साधणार? माझ्या मते तीन गोष्टी साधतात. रस्त्यावरच्या गोष्टींना मुलाकडे शब्द येतात. न दिसणाऱ्या गोष्टीचा विचार करायची सवय लागते. आणि तिसरी, जिच्याकडे शाळा सगळ्यात कमी लक्ष देतात: मुलांनी लिहिलेलं मोठ्यांना वाचावं लागतं.

ही पाटी कोणासाठी आहे?

वाचनापासून सुरू करू. पहिलीच्या मुलाला अक्षरं येत नसली तरी चित्रं आणि आकार वाचता येतात, आणि रस्त्यावरच्या पाट्या तशाच बनवलेल्या असतात. गोल पाटी म्हणजे हुकूम: हे करा, हे करू नका. त्रिकोणी पाटी म्हणजे सावध राहा, पुढे काहीतरी आहे. आयताकृती पाटी म्हणजे माहिती: दवाखाना, पेट्रोल पंप, गावाचं नाव. ‘थांबा’ची पाटी एकटीच अष्टकोनी, कारण ती मागून बघितली किंवा चिखलाने माखली तरी आकारावरून ओळखू यावी. एवढं कळलं की मूल अनोळखी पाटीसुद्धा अर्धी वाचू शकतं. इथवर बहुतेक शाळा येतात. भिंतीवर तक्ता असतो, जोड्या लावा असतं.

पुढचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: ही पाटी कोणासाठी लिहिली आहे?

दप्तर घेतलेल्या मुलांचं चित्र असलेली त्रिकोणी पाटी घ्या. मुलाला विचारा, ही काय सांगते? तो म्हणेल, इथे शाळा आहे. पण मुलाला शाळा कुठे आहे हे माहीतच आहे की! ती पाटी ड्रायव्हरसाठी आहे. तिचा अर्थ: अरे बाबा, पुढे मुलं असतील, वेग कमी कर. आता पुढचा प्रश्न: ड्रायव्हरने ती वाचली असेल का? रात्रपाळी करून आला असेल तर? फोनवर असेल तर? पाटीवर निवडणुकीचं पोस्टर चिकटवलेलं असेल तर? (हसू नका, बघा तुमच्या गावात.) इथे मुलाच्या लक्षात येतं की पाटी आहे म्हणजे गाडी थांबेलच असं नाही. झेब्रा पट्ट्यांचंही तेच. पट्ट्या रंगवलेल्या असतात, पण त्या गाडी अडवत नाहीत.

भाषेच्या तासाला आपण याला आकलन म्हणतो. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, ऐकणारा ऐकतोय का. हेच प्रश्न रस्त्यावर विचारायचे.

आपल्याकडच्या घोषवाक्यांना हा प्रश्न लावून बघा, गंमत येईल. ‘मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक.’ ‘अति घाई, संकटात नेई.’ वाक्यं छान आहेत, पण ती चालकाला उद्देशून आहेत. दुसरीतल्या पोराकडे ब्रेक कुठाय? तरी दर जानेवारीत आपण त्याच्या हातात हीच वाक्यं देऊन प्रभातफेरी काढतो. फेरी काढू नका असं मी म्हणत नाही, रस्त्यावरचा ड्रायव्हर ते वाचत असेल तर बरंच आहे. पण त्यातून मूल काही शिकलं असं मोजू नका.

मराठी मुलुखात वाचायला आणखी एक भन्नाट साहित्य आहे: ट्रकची पाठ. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली, उगाच हॉर्न वाजवायला आमंत्रण मिळतं म्हणून. चौथीच्या वर्गात यावर मस्त चर्चा होते. लिहिलेल्या शब्दामुळे माणूस काहीतरी करतो, म्हणून सरकारला तो शब्द पुसावासा वाटला. मुलांना शब्दाची ताकद समजवायला याहून जवळचं उदाहरण मला तरी सुचत नाही.

गोष्ट सांगताना

ब्रिटनमध्ये १९५३ साली एल्सी मिल्स नावाच्या बाईंनी टफ्टी नावाची एक खार तयार केली. ही खार रस्त्याचे नियम पाळायची, आणि तिच्या गोष्टींवर तिथल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. आपल्याकडेही वर्गात अशा गोष्टी सांगितल्या जातात. पण त्यांचा साचा एकच असतो. एक आज्ञाधारक मूल, एक खोडकर मूल. खोडकर मूल धावत सुटतं, धडकतं, दवाखान्यात जातं आणि म्हणतं, मी पुन्हा असं करणार नाही.

मला हा साचा आवडत नाही. एक तर त्यात सगळा दोष मुलाचा. गाडीवाला जोरात का होता, हे गोष्टीत कुणी विचारत नाही. आणि दुसरं, वर्गात एखाद्याचा भाऊ खरंच अपघातात गेलेला असतो. त्याने त्या गोष्टीतून काय घ्यायचं? भाऊ खोडकर होता म्हणून गेला?

त्यापेक्षा गोष्ट अर्धी सोडा. ताईंच्या शाळेपुरती मी एक सुचवली. हंगाम आहे. ऊसाने भरलेला ट्रॅक्टर गावातून हळूहळू चाललाय, स्पीकरवर गाणी लावून. शाळा सुटलीय. राजू आणि सलमा फाटकाशी उभे आहेत. ट्रॉलीच्या मागे लोंबणारा ऊस बघून राजू म्हणतो, “चल, एक ओढू.”

बस. इथे थांबा आणि विचारा. ट्रॅक्टरच्या मागे किती ट्रॉल्या आहेत? (बहुतेक वेळा दोन.) ड्रायव्हरला मागचं दिसतंय का? गाण्याच्या आवाजात त्याला हाक ऐकू जाईल का? ट्रॅक्टरला कंटाळून मागची मोटरसायकल काय करेल? ती कोणत्या बाजूने पुढे येईल? आणि ती येताना राजूला दिसेल का?

पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही की चालत्या ट्रॉलीचा ऊस ओढणं हा मुलांचा हिवाळी खेळच आहे. कुठल्याही छापील पाठात तो नाही. मुलं मात्र यावर भरभरून बोलतात, कारण यातले ते जाणकार आहेत. आणि बोलता बोलता दुसरी ट्रॉली आणि मागची मोटरसायकल, या दोन न दिसणाऱ्या गोष्टी त्यांना स्वतःलाच सापडतात. मग म्हणायचं, आता पुढची चार वाक्यं लिहा. सलमा काय म्हणाली? कुणी धडकायलाच पाहिजे असं नाही. सलमा “आमच्या शेतातला आणते उद्या” असं म्हणाली तरी गोष्ट पूर्ण होते.

शहरातल्या शाळेत ऊस नसेल, तर पतंग आहे. संक्रांत याच अभियानाच्या महिन्यात येते. कटलेल्या पतंगामागे धावणाऱ्या मुलाची नजर कुठे असते? वर. एवढ्या एका शब्दावर अख्खा तास जाईल.

उजवीकडे म्हणजे कुठे?

आता लेखन. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

‘आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे.’ सगळ्यांना पाठ असतं. का आधी उजवीकडे? आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर पाऊल टाकलं की आपल्याला सगळ्यात जवळची गाडी उजवीकडून येते. आता तुमच्या भाचीच्या यूट्यूबवर बघा. अमेरिकन बालगीतांमध्ये ‘आधी डावीकडे’ असं शिकवतात, कारण तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात. तिथे ते बरोबर आहे. आपल्या गल्लीत ते उलटं पडतं. आपल्याकडे उलट दिशेने येणारे दुचाकीवालेही कमी नाहीत, म्हणून दोन्हीकडे बघायचंच. पण सुरुवात उजवीकडून.

आणि त्याहून मूळ प्रश्न: पहिली-दुसरीच्या पुष्कळ मुलांना उजवं-डावं पटकन सांगता येत नाही. जेवायचा हात कोणता, असं विचारून ती ठरवतात. (डावखुऱ्या मुलाला हे विचारू नका, तो दिवसभर गोंधळतो.) म्हणजे नियम पाठ, पण नियमातला शब्द कच्चा. म्हणून आधी शब्द पक्के करायचे: उजवीकडे, डावीकडे, समोरून, मागून, पलीकडे, आडून, वळण, कडेला. भाषेच्या तासाला ही क्रियाविशेषणं-शब्दयोगी अव्ययं येणारच असतात, मग ती मैदानावर फक्कीने रस्ता आखून शिकवली तर काय बिघडलं?

त्याच फक्कीच्या रस्त्यावर माझा सगळ्यात आवडता खेळ. मुलांनी जोडीजोडीने सूचना लिहायच्या: ‘रस्ता कसा ओलांडायचा.’ मग कागदांची अदलाबदल. दुसऱ्या जोडीतल्या मुलाने कागदावर जे लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही.

पहिला कागद: “रस्ता ओलांडताना काळजी घ्या.” मुलगा उभाच. काय करू? काळजी पायाने कशी घेतात?

दुसरा: “दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडा.” तो चालता चालता दोन्हीकडे मान फिरवतो. म्हणजे रस्त्याच्या मधोमध गेल्यावर बघतो! मग लिहिणारे ओरडतात, “अरे, आधी थांब!” पण ‘थांब’ कागदावर कुठाय? लिहा मग.

तिसरा: “सावकाश रस्ता ओलांडा.” तो गोगलगायीसारखा जातो. धावायचं नाही हे बरोबर, पण रेंगाळायचंही नाही. मग शब्द शोधावा लागतो. सरळ? न थांबता? भरभर चालत? वर्गात भांडण होतं, आणि होऊ द्या.

तीन-चार फेऱ्यांनंतर कागदावर असं काहीतरी उरतं: उभ्या गाडीपासून आणि वळणापासून लांब जा. कडेला थांब. कान दे. उजवीकडे बघ, डावीकडे बघ, पुन्हा उजवीकडे बघ. गाडी येत असेल तर जाऊ दे. मोकळा असेल तर सरळ चालत जा. जाताना बघत राहा. हे कुणी फळ्यावर लिहून दिलेलं नाही, त्यांनी खोडून खोडून मिळवलंय. आपण मुलांना शुद्धलेखनासाठी पुन्हा लिहायला लावतो. इथे ती अर्थासाठी पुन्हा लिहितात, तेही न सांगता.

तरीसुद्धा फक्कीचा रस्ता हा खरा रस्ता नाही. स्कॉटलंडच्या त्याच संशोधकांनी ग्लासगोच्या ड्रमचॅपल भागात पालकांना तयार केलं आणि पाच वर्षांच्या मुलांना दोन-तीनच्या गटात खऱ्या रस्त्याच्या कडेला नेऊन शिकवलं. त्याचा उपयोग झाला. म्हणून कागदावरच्या सूचना घेऊन आई, आजोबा, मोठा दादा, कुणीतरी मुलासोबत खऱ्या रस्त्याच्या कडेला उभं राहायला हवं. मुलाने वाचायचं, दोघांनी करायचं. मुलाला विचारायचं, “इथून जायचं का? का नाही?” उत्तर आपण द्यायचं नाही.

चौथीला थोडं गणित घालता येतं. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. दुपदरी रस्त्याची रुंदी साधारण ७ मीटर धरू. मुलाला तो ओलांडायला सहा-सात सेकंद लागतात. तेवढ्यात ती गाडी शंभर मीटरच्या पुढे पोचते. मैदानावर शंभर मीटर मोजा, टोकाला एका मुलाला उभं करा. एवढ्या लांबची गाडीसुद्धा जवळची असते, हे डोळ्यांना दिसलं की वहीतलं उत्तर वेगळंच वाटायला लागतं.

पत्र कोणाला लिहायचं?

मराठीच्या वहीत औपचारिक पत्र असतं. मा. अमुक यांस, विषय, महोदय, आपला विश्वासू. नव्वद टक्के वेळा ते कुठेच जात नाही. मुलांनाही ते ठाऊक असतं, म्हणून ती तसंच लिहितात.

ताईंच्या शाळेसमोर वळण आहे. वळणावर झुडुपं वाढलीत. शाळेची पाटी नाही. हे पत्र खरं पाठवायचं असेल तर पहिला प्रश्न: हा रस्ता कोणाचा? इथे पुन्हा वाचन येतं, किलोमीटरच्या दगडाचं! दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य मार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग. केशरी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता. गावातली गल्ली असेल तर ग्रामपंचायत. इतकी वर्षं एसटीच्या खिडकीतून हे दगड मोजले असतील तुम्ही, पण त्यांचा रंग पत्ता सांगतो हे किती जणांना माहीत होतं?

पत्रात ‘अपघात होतात, योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहू नका. मुलांनी मोजलेलं लिहू द्या. शिक्षक किंवा पालकासोबत फाटकाच्या आत उभं राहून शाळा सुटायच्या वेळी दहा मिनिटं नोंद करायची: किती ट्रॅक्टर, किती दुचाकी, किती जण वळणावर हॉर्न न वाजवता आले. गाडीचा नंबर आणि माणसाचं नाव मात्र लिहायचं नाही, हा नियम कडक ठेवा. गाव लहान असतं, आणि मुलाला चुगलखोर ठरवायला वेळ लागत नाही. मग पत्रातलं वाक्य असं होतं: “सोमवार ते शुक्रवार, सायंकाळी दहा मिनिटांत आम्ही एवढी वाहने मोजली. फाटकातून उभे राहिल्यावर झुडुपांमुळे वळणापलीकडचे दिसत नाही. झुडुपे तोडावीत आणि शाळेची पाटी लावावी.” मागणी मोजकी. झुडुपं तोडायला निविदा लागत नाही.

हे पत्र शाळा व्यवस्थापन समितीसमोर वाचून दाखवायचं. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी ठराव केला की मुलांच्या पत्राला वजन येतं. उत्तर आलं तर ते वर्गात वाचायचं. नाही आलं तर महिन्याने स्मरणपत्र, तोही एक लेखनप्रकारच आहे.

आणि एक पत्र घरी जायला हवं. खरं सांगायचं तर अनेक शाळांसमोरची गर्दी दुसरं-तिसरं कुणी नाही, आपणच करतो. मुलाला अगदी फाटकात उतरवायचं म्हणून दुचाक्या, रिक्षा, व्हॅन सगळे तोंडाशी. त्यांच्या आडून दुसऱ्याचं मूल रस्त्यावर येतं. परिपाठात मुलांनी स्वतः लिहिलेली सूचना वाचायची आणि दप्तरातून घरी पाठवायची: आम्हाला फाटकापासून थोडं अलीकडे, शाळेच्याच बाजूला उतरवा. आमच्यासाठी हेल्मेट आणा. हे दुसरं वाक्य हट्ट नाही, कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागतं, मागे बसलेल्यालाही. चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ च्या नियमांत चालकाला जोडलेला सुरक्षा पट्टा आहे, आणि अशा वेळी वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. बाजारात लहान मापाचं हेल्मेट मिळतं. मोठ्याचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर गरगर फिरतं, त्याचा उपयोग नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काही शिक्षक नाही. पण भाच्याला, पुतणीला, धाकट्या भावाला शाळेत सोडणारे तुमच्यापैकी पुष्कळ आहात. मूल पहिलीत असेल, लिहिता येत नसेल, तर फोन काढा आणि व्हॉइस रेकॉर्डर लावा. त्याला म्हणा, “मला आपला शाळेचा रस्ता माहीत नाही असं समज, घरापासून सांग.” तो सांगेल: मारुतीच्या देवळापाशी कुत्रं असतं, मग किराणा दुकान, मग पलीकडे जायचं. तिथे थांबवून विचारा, “पलीकडे कुठून?” नंतर तेच ऐकत तुम्ही त्याच्या शब्दांत लिहून काढा, तो चित्र काढेल. त्याचं पहिलं पुस्तक तयार. त्यात कुत्र्याला अर्धं पान आणि रस्ता ओलांडण्याला एकच शब्द असेल, तर कुठून सुरुवात करायची ते तुम्हाला कळलं.

ताईंनी सांगितलंय, निबंधांऐवजी आता त्या फक्कीचा खेळ घेणार आहेत. त्यातले खोडाखोड केलेले कागद फोटो काढून पाठवा म्हटलंय मी त्यांना, मुलांची नावं झाकून. आले की पुढच्या भागात वाचून दाखवते. तुमच्या घरातल्या छोट्याने सांगितलेला रस्ता असेल तर तोही लिहून पाठवा. भेटू पुढच्या शुक्रवारी.